वाक्संप्रदायांचा अर्थ आणि त्यांचें वजन

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या दप्तरांत व्याकरणाच्या खालोखाल एक लहानसें पुस्तक हटकून सांपडतें. त्याचें नांव कांहींहि असो, रूप ठरलेलें असतें. पानाच्या डाव्या बाजूस इंग्रजी वाक्संप्रदाय, उजव्या बाजूस त्याचा मराठी अर्थ आणि मध्यें एक उभी रेघ. शाळेच्या परीक्षा संपल्या कीं हेंच पुस्तक अंगानें थोडें भरून स्पर्धापरीक्षांच्या टेबलावर येतें. पुढें मुलाखतीच्या आदल्या रात्रीं तेंच पुन्हां एकदां चाळलें जातें. आणि थोरल्याचें आटोपलें कीं धाकट्या बहिणीकडे वारसाहक्कानें जातें. अशा पुस्तकावर टीकालेख लिहिणें म्हणजे आगगाडीच्या वेळापत्रकाचें रसग्रहण करण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. पण मराठी घरांतून इतक्या निष्ठेनें पाठ केलें जाणारें दुसरें पुस्तक आतां क्वचितच उरलें असेल. ज्याचा प्रसार एवढा, त्याची परीक्षा एकदां तरी व्हावयास हवी.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, या पुस्तकांतील अर्थ बहुधा चूक नसतात. ते चूक असते तर एव्हांना कोणी तरी दुरुस्त केले असते. तक्रार निराळी आहे. उजव्या बाजूचा अर्थ बरोबर असून डाव्या बाजूचा वाक्संप्रदाय मात्र समजलेला नाहीं, अशी चमत्कारिक स्थिति या कोष्टकांनीं निर्माण केली आहे. वाक्संप्रदायाला अर्थ असतो तसें वजनहि असतें. तो कोणीं, कोणापुढें, कोणत्या प्रसंगीं आणि कोणत्या सुरांत उच्चारावा, हें त्या वजनावरून ठरतें. अर्थ सांगून वजन न सांगणें म्हणजे दागिन्याचा आकार सांगून तोळे न सांगण्यासारखें आहे. गिऱ्हाइकाला दागिना दिसतो खरा, पण व्यवहार करावयाची वेळ आली कीं तो फसतो.

‘किक द बकेट’ हें यांतलें ठळक उदाहरण. कोष्टकांत त्यापुढें ‘मरणें’ असें छापलेलें असतें आणि तें खरें आहे. फ्रान्सिस ग्रोज यानें इंग्रजींतील हलक्या बोलीचा कोश १७८५ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतहि याचा अर्थ मरणें असाच दिला आहे. परंतु तो कोश हलक्या बोलीचा होता, ही गोष्ट आमच्या कोष्टकांत येतां येतां वाटेंत गळून पडली. समजा, एखाद्या सज्जन विद्यार्थ्यानें आपल्या साहेबाला पत्र लिहिलें कीं, आजोबांनीं काल बकेट किक केल्यामुळें मला तीन दिवसांची रजा मिळावी. व्याकरण निर्दोष, अर्थ निर्दोष आणि पत्र मात्र आजोबांची विटंबना करणारें. ‘आमचे आजोबा काल गचकले, तरी रजा मंजूर व्हावी’ असा मराठी अर्ज कोणीहि शहाणा मनुष्य लिहिणार नाहीं. कारण मराठींत आपणांस वजनें ठाऊक आहेत.

आणि मराठींतलीं वजनें किती बारीक आहेत! घरचें वडील माणूस वारतें. त्याला देवाज्ञा होते. आदरणीय गृहस्थ निधन पावतात. छापील पत्रिकेंत शैव असेल तो कैलासवासी होतो, वैष्णव असेल तो वैकुंठवासी होतो, मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी आणि ख्रिस्ती गृहस्थ ख्रिस्तवासी होतात. म्हणजे मेल्यावर कोणीं कोठें वस्तीस जावें याचीहि सोय भाषेनें करून ठेवली आहे. ज्याच्याविषयीं राग आहे तो नुसता मरतो, ज्याच्याविषयीं तिरस्कार आहे तो खपतो, आणि ज्याच्याविषयीं कांहींच वाटत नाहीं त्याचा कारभार आटोपतो. इंग्रजींतहि अशीच उतरंड आहे. ‘पास अवे’ हें सांत्वनाचें, ‘ब्रीद वन्स लास्ट’ हें कादंबरीचें, ‘जॉइन द मेजॉरिटी’ हें लॅटिन शिकलेल्या पंडिताच्या मिस्किलपणाचें, ‘गो वेस्ट’ हें पहिल्या महायुद्धांतील शिपायांच्या तोंडचें. हीं सगळीं एका अर्थाखालीं गोळा करून प्रत्येकापुढें ‘मरणें’ लिहिलें, म्हणजे कोष्टककारानें पांच माणसांची ओळख ‘हा मनुष्य आहे’ एवढ्यावरच आटोपती घेतली, असें होतें.

याच मालिकेंत ‘वन फूट इन द ग्रेव्ह’ येतें. येथें मात्र मराठी समान संप्रदाय खरोखरीच तोलास तोल मिळतो, तो म्हणजे ‘गोंवऱ्या मसणांत गेल्या’. एका समाजानें मृतास पुरलें, दुसऱ्यानें जाळलें. म्हणून एकाच्या थट्टेंत थडगें आलें आणि दुसऱ्याच्या थट्टेंत शेणाच्या गोंवऱ्या. दोहोंतला निष्ठुर विनोद अगदीं एका जातीचा आहे. कोष्टकें मात्र येथें ‘मृत्यूच्या जवळ असणें’ एवढाच सभ्य अर्थ देतात आणि हाताशीं असलेला घरचा संप्रदाय सोडून देतात. मुलाला दोन्ही भाषांचा एकदम आनंद झाला असता, अशी ही जागा होती.

येथें एका जुन्या कोशाची आठवण देणें अवश्य आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. तो कोश उघडून पाहावा. शब्दापुढें अर्थ देऊन तो थांबत नाहीं. हा शब्द रागानें वापरतात, हा तुच्छतेनें, हा थट्टेनें, हा बायकांच्या बोलण्यांतला, अशा खुणा तो जागोजागीं करीत जातो. परक्या मनुष्यास मराठी बोलतांना वजनाची चूक होऊं नये, ही त्याची चिंता. आपल्या मुलांस इंग्रजी बोलतांना तशी चूक होऊं नये, ही चिंता त्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं छापल्या जाणाऱ्या कोष्टकांस नसावी, हें नवल आहे.

कोष्टकांहून जरा वरच्या दर्जाचीं जीं पुस्तकें असतात, त्यांत अर्थाबरोबर उगमाची कथाहि असते. वाचकाला वाटतें, आतां आपण मुळापर्यंत पोहोंचलों. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घ्या. मुसळधार पाऊस पडतो तेव्हां इंग्रज मनुष्य मांजरें आणि कुत्रीं कां पाडतो, याच्या कथांस तोटा नाहीं. कोणी म्हणतो, गवती छपरांवर निजलेलीं मांजरें पावसानें घसरून खालीं पडत. कोणी म्हणतो, गटारांच्या लोंढ्यांत मेलेलीं जनावरें वाहून येत. ब्रूअरसारखा संग्राहक आपल्या १८७० सालीं निघालेल्या प्रसिद्ध कोशाच्या परंपरेंत उत्तरेकडील पुराणकथांचा आधार घेऊन मांजर म्हणजे पाऊस आणि कुत्रा म्हणजे वारा असें सांगतो. यांतल्या एकाहि कथेला भक्कम पुरावा नाहीं. पुराव्यानें ठाऊक आहे तें याहून जास्त मौजेचें आहे. स्विफ्टनें १७३८ सालीं सभ्य संभाषणाचा एक संग्रह म्हणून एक उपहासात्मक पुस्तक काढलें. उच्चभ्रू मंडळी तींच तीं झिजलेलीं वाक्यें फिरवून फिरवून कशीं बोलतात, हें दाखविण्यासाठीं त्यानें तीं वाक्यें मुद्दाम गोळा केलीं, आणि त्यांत हीं मांजरें व कुत्रीं आहेत. म्हणजे स्विफ्टनें जें शिळें म्हणून चव्हाट्यावर मांडलें, तें आमचीं मुलें जवळजवळ तीनशें वर्षांनंतर ताजें म्हणून निबंधांत घालतात आणि कौतुकाचे गुण मिळवितात! आजचा इंग्रज हें वाक्य अगदींच टाकून देतो असें नाहीं. पण तो तें थोडें हंसत, थोडें जुन्या थाटाची नक्कल केल्यासारखें म्हणतो. आपला ‘मुसळधार’ तसा नाहीं. तो वर्तमानपत्राच्या मथळ्यांत गंभीरपणें बसतो आणि कोणालाहि मुसळ आठवत नाहीं.

उगमाच्या कथांचें हें वेड आपल्या साहित्यशास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें, आणि त्यावर त्यांनीं दिलेलें उत्तर आजहि कामास येतें. मम्मटानें रूढीमुळें होणाऱ्या लक्षणेचें उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला. मूळ अर्थ दर्भ तोडणारा. दर्भ तोडतांना हात कापूं न देणें हें चतुराईचें काम. म्हणून कुशल म्हणजे निपुण. चौदाव्या शतकांत विश्वनाथानें साहित्यदर्पणांत या उदाहरणावर हरकत घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, शब्द ज्यावरून साधला तें व्युत्पत्तिनिमित्त एक, आणि शब्द ज्यामुळें वापरला जातो तें प्रवृत्तिनिमित्त दुसरें. दोहोंची गल्लत करूं नये. ‘गो’ हा शब्द चालणें या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून ‘गाय निजली आहे’ असें म्हणतांना कोणाला अडचण वाटत नाहीं. वाक्संप्रदायांच्या अभ्यासकानें हा भेद भिंतीवर लिहून ठेवावा. डुक्कर मारून ज्या आडव्या तुळईला टांगीत तिला इंग्लंडच्या कांहीं भागांत बकेट म्हणत, हें कळलें म्हणून ‘किक द बकेट’ कोठें वापरावें हें कळत नाहीं. तें कळण्यासाठीं तें बोलणारें माणूस पाहावें लागतें. उगमाची कथा गोड असते, कधींकधीं खरीहि असते. पण ती वाक्संप्रदायाची वंशावळ झाली, स्वभाव नव्हे.

वजन न पाहतां समान संप्रदाय जुळविण्यांत केवळ हंसूं होतें असें नाहीं; त्यांत कधीं मोठा अन्यायहि होतो. ‘सेंड टु कॉव्हेंट्री’ या संप्रदायापुढें आमच्या पुस्तकांत ‘वाळींत टाकणें’ असें लिहिलेलें असतें, आणि उलट बाजूनें मराठी कथेचें इंग्रजी भाषांतर करणाराहि वाळींत टाकलेल्या माणसास बिनदिक्कत कॉव्हेंट्रीस पाठवून देतो. कॉव्हेंट्रीस पाठविणें म्हणजे काय? वसतिगृहांतल्या मुलांनीं एखाद्या चुगलखोराशीं बोलणें टाकणें. संपाच्या दिवशीं कामावर गेलेल्या गड्याशीं इतर कामगारांनीं अबोला धरणें. मनुष्याला तें लागतें, फार लागतें. परंतु संध्याकाळीं तो आपल्या घरीं जातो, दुकानांत त्याला पाव मिळतो, देवळाचें दार त्याला उघडें असतें. आमच्याकडे वाळींत पडलेल्या कुटुंबाला विहिरीचें पाणी नाहीं, शेजारचा विस्तव नाहीं, न्हावी नाहीं, भट नाहीं, मुलीला स्थळ नाहीं आणि मेल्यावर खांदा द्यावयास चार माणसें नाहींत. हा अबोला नव्हे; ही जिवंतपणींची हद्दपारी आहे. ती इतिहासजमा झाली आहे असेंहि समजूं नये. जातपंचायतींच्या अशा शिक्षांना आळा घालण्यासाठीं महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अंमलांत आला, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ज्या गोष्टीसाठीं कैदेची शिक्षा सांगावी लागली, तिला शाळकरी मुलांच्या अबोल्याचें नांव देणारा भाषांतरकार शब्द चुकला नाहीं, पण माणूस चुकला.

इंग्रजींत याला जवळचा शब्द नाहीं असेंहि नाहीं. तो कॉव्हेंट्रीहून पुष्कळ दूर, आयर्लंडांत जन्मला. १८८० सालीं मेयो परगण्यांत लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट यानें कुळांना जमिनीवरून काढून लावण्याचा उद्योग चालविला, तेव्हां लोकांनीं त्याचें काम, त्याची चाकरी, त्याच्याशीं देवघेव सर्व कांहीं बंद केलें. कापणीला मजूर मिळेनात, दुकानदार माल देईनात. त्याच्या आडनांवाचें क्रियापद झालें आणि तें पाहतां पाहतां युरोपच्या अनेक भाषांत पसरलें. वाळींत टाकण्याची सगळी यंत्रणा येथें आहे. फरक एवढाच कीं, आयर्लंडांत दुबळ्या कुळांनीं बलवानाविरुद्ध ती चालविली, आणि आमच्या गांवांत बहुधा बलवानांनीं दुबळ्याविरुद्ध. हा फरक लहान नाहीं. तो सांगणारी एक ओळ कोष्टकांत असती, तर त्या दोन रकान्यांमध्यें मुलाला दोन समाज दिसले असते.

आतां दुसरी बाजू पाहूं. इंग्रजी वाक्संप्रदाय समजण्याच्या खटाटोपांत आपण त्यांतले कित्येक मराठींत आणून बसविले आणि ते आतां इथलेच झाले आहेत. त्यांवर सरसकट नाक मुरडणारांपैकीं मी नाहीं. ‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही म्हण आज कोणाला परकी वाटते? बापू छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणली तेव्हांपासून हा ग्रीक कोल्हा इतका मराठी झाला आहे कीं त्याला आतां हुसकून लावतां येणार नाहीं. ‘नक्राश्रु’ तर त्याहून मजेदार. संस्कृत सामासिक वेष घेऊन हा शब्द असा उभा राहतो कीं तो थेट पंचतंत्रांतून आला असावा असें वाटावें. पंचतंत्रांत मगर आहे, माकड आहे, काळीज आहे. हीं ढोंगी आंसवें मात्र इंग्रजीची. वेष बदलून आलेला पाहुणा घरांत रुळला, यांत वाईट कांहीं नाहीं.

पण खरें नवल ‘सिंहाचा वाटा’ या संप्रदायाचें आहे, आणि त्यावर थोडें थांबण्यासारखें आहे. इसापाच्या गोष्टींत सिंह इतर जनावरांबरोबर शिकारीस जातो आणि वांटणीच्या वेळीं एकेक कारण सांगून सगळे वाटे आपणच गिळतो. इंग्रजींत ‘लायन्स शेअर’ म्हणजे मोठा हिस्सा, बहुतकरून जबरदस्तानें घेतलेला. कामाच्या ओझ्याविषयींहि तो शब्द वापरतात, पण मूळच्या बळजोरीचा वास त्याला राहतो. मराठींत काय झालें पाहा. ‘या संस्थेच्या उभारणींत अमुकरावांचा सिंहाचा वाटा आहे’ असें आपण सत्कारसमारंभांत म्हणतों, आणि अमुकराव मान लववून हार स्वीकारतात. घेणारा सिंह देणारा झाला! हें कसें झालें असावें? माझें मत असें कीं, हें काम खारीनें केलें. रामाच्या सेतूसाठीं वाळूचे कण वाहणाऱ्या खारीचा वाटा मराठी मनांत आधींपासून होता. ‘वाटा’ म्हणजे सत्कार्यांतील हातभार, हा अर्थ त्या इवल्याशा जनावरानें रुजवून ठेवला होता. मग इंग्रजीहून सिंह आला, तो खारीच्या शेजारीं जाऊन बसला. लहान हातभार खारीचा तर मोठा हातभार सिंहाचा, अशी जोडी जमली, आणि इसापाच्या लुटारू सिंहाला रामायणाची दीक्षा मिळाली. परका वाक्संप्रदाय पचविणें म्हणतात तें हें. येथें मराठीनें अर्थ घेतला नाहीं, वजन स्वतःचें घातलें. मात्र आतां मुलानें उलट दिशेनें जाऊन हेंच वाक्य इंग्रजींत नेलें आणि पाहुण्या अध्यक्षांनीं संस्थेंतील सिंहाचा वाटा घेतला असें लिहिलें, तर अध्यक्षांच्या हिशेबाची तपासणी करण्याची पाळी यावयाची. कोष्टकांत दोन्ही रकाने समान छापलेले असल्यामुळें हा धोका त्याला कोणी सांगत नाहीं.

‘पांढरा हत्ती’ आला तो असाच, पण तो पचला नाहीं; नुसता उभा आहे. ज्या भाषेंत इंद्राचा ऐरावत पांढरा आणि ज्या भाषेंत दारीं हत्ती झुलणें हें वैभवाचें लक्षण, तींत तोट्याच्या सरकारी कारखान्याला पांढरा हत्ती म्हणणें कानाला अजून किंचित् खटकतें. ‘लाल फीत’ मात्र चटकन समजली. कारण फीत कचेरीच्या टेबलावर प्रत्यक्ष होती आणि तिच्यांत अडकलेले अर्जहि होते.

सर्वांत अधिक नुकसान ‘अपवादानें नियम सिद्ध होतो’ या वाक्यानें केलें आहे. वादांत कोणी आपल्या विधानाविरुद्ध धडधडीत उदाहरण दिलें कीं आपण हें वाक्य फेंकून मोकळे होतों, जणूं विरुद्ध उदाहरण सांपडणें हाच विधान खरें असल्याचा पुरावा. मूळचें लॅटिन सूत्र कायद्याचें आहे आणि त्याचा आशय साधा आहे. ग्रंथालयाच्या दारावर ‘रविवारीं बंद’ अशी पाटी असेल, तर इतर दिवशीं तें उघडें असतें हा नियम त्या पाटीनेंच सिद्ध होतो, तो कोठें लिहिलेला नसला तरी. अपवाद म्हणून मुद्दाम सांगणें, यांतच नियमाची कबुली आहे. एवढेंच. फाउलरनें १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशांत या वाक्याच्या गैरवापराची चांगलीच झडती घेतली आहे. म्हणजे हा दोष इंग्रजांच्या घरीं आधीं झाला आणि आपण तो अर्थासकट आयात केला. ‘बेग द क्वेश्चन’चीहि तीच गत. जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत धरणें हा त्याचा तर्कशास्त्रीय अर्थ. आपल्या नैयायिकांच्या साध्यसम हेत्वाभासाचा तो जवळचा नातलग. आतां इंग्लंडांतहि पुष्कळजण ‘प्रश्न उपस्थित करणें’ एवढ्याच अर्थानें तो वापरतात. कोष्टककारानें दोन्ही अर्थ द्यावे आणि कोणता कोठें चालतो तेंहि सांगावें. येथें एक अर्थ देऊन भागत नाहीं.

आतांपर्यंत जे नमुने घेतले ते रंगीत होते. कोष्टकांनाहि रंगीतच आवडतात. मांजरें, कुत्रीं, हत्ती, बादल्या. परंतु इंग्रजी पान वाचतांना मराठी वाचक खरा अडतो तो रंगहीन, चिमुकल्या शब्दांपाशीं. ‘पुट’ हें क्रियापद घ्या. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, ‘पुट आउट’ म्हणजे दिवा विझविणें आणि माणसाची गैरसोय करणेंहि, ‘पुट अप’ म्हणजे उतरण्याची सोय करणें, आणि त्याला ‘विथ’ जोडला कीं एकदम मुकाट्यानें सोसणें! यांत चित्र नाहीं, गोष्ट नाहीं, उगमाची कथा सांगून मुलाला रिझवावें अशी सोय नाहीं. म्हणून यांना दोन पानें मिळतात आणि मांजरांना वीस. यांतली अडचण समजावयाची तर आपल्याच भाषेकडे इंग्रजाच्या डोळ्यांनीं पाहावें. ‘त्यानें काम केलें’ हें त्याला समजतें. मग ‘करून टाकलें’, ‘करून ठेवलें’, ‘करून दाखविलें’, ‘करून पाहिलें’ आणि ‘करून बसला’ यांतला भेद त्याला कोण सांगणार? ‘टाकलें’मध्यें सुटका आहे, ‘ठेवलें’मध्यें पुढची तरतूद आहे, ‘दाखविलें’मध्यें ईर्ष्या आहे, ‘पाहिलें’मध्यें शंका आहे आणि ‘बसला’मध्यें आतां भोगा ही सगळी कर्मकथा आहे. मराठी मुलाला हें आईच्या दुधाबरोबर मिळतें. त्यानें एकदां आपल्या या श्रीमंतीकडे जागेपणीं पाहिलें, तर ‘पुट अप विथ’ पाठ करण्याऐवजीं तो ओळखूं लागेल.

सभ्यतेच्या शब्दांची गोष्टहि अशीच. ‘आय ॲम अफ्रेड’ असें म्हणणाऱ्या इंग्रजाला भीति मुळींच वाटत नसते. तो नकार मऊ कापसांत गुंडाळून देत असतो. त्याचें ‘मला भीति वाटते कीं आपलें म्हणणें बरोबर नाहीं’ असें मराठी जेव्हां भाषांतरित कादंबरींत वाचावयास मिळतें, तेव्हां पात्राची भीति कोणास वाटो न वाटो, भाषांतरकाराची वाटूं लागते. मराठी गृहस्थ अशा वेळीं ‘राग मानूं नका, पण’ असें म्हणेल. वकील न्यायासनापुढें ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणतो तेव्हां पुढें आदराचें कांहीं येणार नाहीं, हें न्यायाधीशांस अनुभवानें माहीत असतें.

मग या वाक्संप्रदायांचा अभ्यास करावा तरी कसा? चांगलीं साधनें आहेत. लोगन पीअरसॉल स्मिथचा ‘वर्ड्स अँड इडियम्स’ हा १९२५ चा ग्रंथ अजूनहि वाचनीय आहे. इंग्रजी संप्रदाय समुद्रावरून, शिकारींतून, शेतांतून, स्वयंपाकघरांतून आणि सर्वांत अधिक माणसाच्या शरीरावरून कसे आले, हें तो दाखवितो. तें वाचतांना मराठी वाचकाचें मन आपोआप आपल्या भाषेकडे वळतें. नाक खुपसणें आणि नाक मुरडणें दोन्हीकडे आहे; पण नाक कापलें गेल्यानें अब्रू जाते ती आमच्याकडे. ऑक्सफर्डचा मोठा कोश हें दुसरें साधन. कोणत्या शतकांत कोणीं कसा प्रयोग केला याचे उतारे क्रमानें देत असल्यामुळें तेथें वजनाचा इतिहास वाचतां येतो. मराठींत दाते-कर्वे यांनीं महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचें प्रचंड काम १९४० च्या दशकांत पुरें केलें. तो कोश घरीं असलेल्या मुलाला इंग्रजी संप्रदायांची गोडी अधिक लागेल, कमी नाहीं, असें मी अनुभवावरून म्हणतों. आणि या सर्वांहून मोठें साधन म्हणजे वाचन. त्यांतहि विनोदी वाचन. विनोद हा वजनावरच चालतो. पी. जी. वुडहाउसचे चाहते आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यानें ‘डिसग्रन्टल्ड’ या शब्दाचें शेपूट, नव्हे डोकें, कापून ‘ग्रन्टल्ड’ असा शब्द वापरला, तेव्हां ज्याला पहिल्या शब्दाचें नुसतें ‘नाराज’ एवढेंच ठाऊक, तो कोरडाच राहिला. कोष्टक पाठ केलेल्या हुशार मुलाला वुडहाउस देऊन पाहावा. तो कोठें हंसतो आणि कोठें नुसतें पान उलटतो, यावरून त्याच्या इंग्रजीची जी परीक्षा होते ती दुसऱ्या कोणत्याहि प्रश्नपत्रिकेनें होत नाहीं.

शेवटीं एकच नमुना देतों. कारण तेथें दोन भाषा इतक्या जवळ येतात कीं कोष्टककाराला नुसता हात पुढें करावयाचा होता. ‘ॲपल ऑफ वन्स आय’. मुलाला वाटतें, डोळ्यांत सफरचंद कसें? जुन्या इंग्रजींत डोळ्यांतल्या काळ्या गोलाला सफरचंदासारखा गोल म्हणून हें नांव होतें, आणि बायबलच्या इंग्रजी भाषांतरांतून हा प्रयोग घरोघरीं गेला. पण मूळ हिब्रूंत तेथें जो शब्द आहे त्याचा अर्थ डोळ्यांतलें चिमुकलें माणूस असा करतात. लॅटिनचा ‘प्युपिला’ म्हणजे लहान मुलगी, बाहुली, ग्रीकांचा ‘कोरे’ म्हणजे मुलगीच, संस्कृतांतल्या ‘कनीनिके’चें नातेंहि कन्येशींच आहे, आणि मराठींत आपण आजतागायत म्हणतों, डोळ्यांतली बाहुली. समोरच्याच्या डोळ्यांत वांकून पाहिलें कीं आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, हें इतक्या दूरदूरच्या माणसांनीं आपापल्या घरीं पाहिलें आणि एकाच रीतीनें सांगितलें. इंग्रजींतला हा संप्रदाय जिवापाड प्रिय माणसाविषयीं आहे, आणि त्यांत लाड व अभिमान आहे. आमच्या पुस्तकांत मात्र त्यापुढें ‘तळहातावरील फोड’ असें छापलेलें असतें. त्यांत काळजी आहे, ठणका आहे, आणि अभिमान औषधालाहि नाहीं.